हाताने जुळवायचा कॅमेरा

स्मरणिकेसाठी ‘इतिहासाचं काहीतरी लिही’ असा निरोप आला. शाळेच्या इमारतीचा, मुख्याध्यापकांच्या परंपरेचा, गॅदरिंगमधल्या नाटकांचा इतिहास लिहायला माझ्याहून जाणती माणसं आपल्यात आहेत. माझ्याकडे जुने फोटो सालवार लावायचं काम होतं. त्या कामातून जे हाती लागलं तेवढंच लिहितो.

तुम्ही सगळ्यांनी पाठवलेल्या फोटोंचे सरळ दोन ढीग होतात. पहिला काळ्या-पांढऱ्या फोटोंचा, साधारण १९८५ च्या आधीचा. तो लहान आहे. दुसरा रंगीत फोटोंचा, पहिल्याच्या निदान चौपट. पहिल्या ढिगातले बहुतेक फोटो आजही खणखणीत आहेत. गुरुजींच्या कोटाचं बटन मोजून घ्यावं इतके. दुसऱ्या ढिगात एका बक्षीस समारंभाचा फोटो आहे. दोन मैत्रिणी ढाल धरून उभ्या आहेत, दोघींचेही चेहरे पुसट, आणि दोघींच्या मधून दिसणारी भिंतीवरची सुविचाराची पाटी मात्र अक्षर न् अक्षर वाचता येते. असा हा एकच फोटो असता तर सोडून दिलं असतं. असे सात-आठ निघाले. माणसं धूसर, भिंत स्पष्ट. कॅमेरा नवा, महाग, स्वयंचलित, आणि तरी असं का? याचं उत्तर कॅमेऱ्याच्या इतिहासात सापडतं.

फोटोत उजेडाइतकीच अडचण असते अंतराची. भिंगाला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू नेमकी दाखवता येते. तिच्या थोडं पुढचं, थोडं मागचं चालून जातं, पण मोजमाप आधी कोणीतरी करावंच लागतं. तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यात फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून मागच्या दुधी काचेवर चित्र नेमकं करून घेई. समोरच्याने तोवर श्वास रोखायचा. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत ती काच नव्हती, मग अंदाजपंचे: दहा फूट असेल, पंधरा असेल.

जर्मनीतल्या वेट्झलार गावात, लाइट्झच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात, ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा त्रास. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना, म्हणून त्याने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. तोच लायका. १९२५ साली तो लाइपझिगच्या जत्रेत बाजारात आला. पण त्यातही अंतराचा अंदाजच करावा लागे, किंवा अंतर मोजायची छोटी नळी वेगळी आणून वर अडकवावी लागे. १९३२ साली लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आणि त्याच वर्षी आलेल्या कॉन्टॅक्समध्ये ही नळी कॅमेऱ्यातच बसवली आणि भिंगाच्या कड्याला जोडली. रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात तो हा.

यातली युक्ती तोफखान्याकडून आलेली. शत्रूचं जहाज किती दूर आहे हे मोजायला ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी लांबलचक यंत्रं बनवायला घेतली होती. आणि यातलं गणित आपल्या सरांनी फळ्यावर शिकवलेलंच आहे. उंची आणि अंतर! झाडापासून अमुक अंतरावर उभ्या माणसाला शेंडा इतक्या अंशांत दिसतो, तर उंची काढा. त्रिकोणाचा पाया ठाऊक, कोन ठाऊक, की बाजू निघते. रेंजफाइंडरमध्ये पाया म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगावरच्या दोन लहान झरोक्यांमधलं अंतर, जेमतेम काही सेंटिमीटर. दोन्ही झरोक्यांतून येणारी आकृती बघायच्या खिडकीत मधोमध एकावर एक पडते. वस्तूचं अंतर जुळलं नसेल तर एका माणसाला दोन नाकं दिसतात. भिंगाचं कडं फिरवलं की आतला आरसा किंवा लोलक किंचित हलतो, दुसरं नाक सरकत सरकत पहिल्यावर येतं, आणि दोन्ही एक झाली की भिंगही नेमक्या जागी पोचलेलं असतं. सुई ओवताना एक डोळा मिटून बघा, म्हणजे दोन डोळ्यांची किंमत कळेल. इथे तेच दोन डोळे यंत्राला दिलेले आहेत. जुळवणारा मात्र माणूस.

शिक्षकांसाठी इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लायकाची पहिली मोठी नक्कल केली ती पोरांनी. युक्रेनमधल्या खारकोव्हला अनाथ आणि रस्त्यावरच्या मुलांची एक वसाहत होती. चालवणारे होते अंतोन माकारेंको, शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत भेटतात तेच. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस कारखाना अशी तिथली रीत. १९३४ पासून तिथे कॅमेरे तयार होऊ लागले. नाव फेड, फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमकं असावं लागणारं हे काम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी केलं. आपल्या कार्यानुभवाच्या तासाला आपण खडूच्या पेट्या आणि कागदी फुलं केली, त्यालाही माझी हरकत नाही. पण हे वाचलं तेव्हा बराच वेळ विचार करत बसलो होतो.

युद्धानंतर, १९४८ पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला त्याच घडणीचे झोर्की कॅमेरे निघू लागले. आपल्या भागात जे थोडे रेंजफाइंडर आले त्यांत हे रशियन बरेच. कारण साधं होतं. परदेशी चलनाची टंचाई, आयातीवर बंधनं. पण रशियाशी व्यवहार रुपयांत होई. जर्मन लायका हा आपल्यासाठी मासिकातल्या चित्रापुरताच. घरोघर म्हणावा असा कॅमेरा एकच, बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री. बारा फोटोंचा रोल, उन्हाची खूण नाहीतर ढगाची खूण, अंतर मोजायची भानगडच नाही. स्टुडिओवाल्यांकडे वरून वाकून बघायचा, दोन भिंगांचा डबा कॅमेरा असे. पहिल्या ढिगातले आपले वर्गाचे ग्रुप फोटो त्याच डब्याचे किंवा तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याचे आहेत. ते श्रेय रेंजफाइंडरला देऊन चालणार नाही. पण पहिल्या ढिगातले हलते फोटो, म्हणजे खो-खो, प्रभातफेरी, सहलीची पंगत, स्टेशनवरची निरोपाची गर्दी, हे मात्र बहुतेक त्याचे.

आमच्या वडलांकडे झोर्की-४ होता. लोखंडाच्या मापट्यासारखा जड, कातडी खोळीत. त्याला सेल नाही, वीज नाही, उजेड मोजायचं यंत्र नाही. वडलांचं गणित तोंडपाठ होतं: शंभर नंबरचा रोल असेल तर लख्ख उन्हात छिद्र सोळावर आणि वेग सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, ढग आले की छिद्र एक घर मोठं, निंबाखाली उभे असाल तर दोन-तीन घरं. वऱ्हाडातल्या वैशाखात हे गणित चुकायचं नावच घेत नाही. झोर्कीचा एक लहरी नियमही होता: आधी रीळ पुढे सरकवायचं, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं तर आतलं यंत्र बिघडतं. त्यामुळे कॅमेरा कोणी मागितला की वडील म्हणत, “देतो, पण आधी चावी मंग वेग, ध्यानात ठेवजो बाप्पा.”

मैदानावरच्या फोटोत या कॅमेऱ्याची खरी गंमत कळते. त्याची खिडकी भिंगातून बघत नाही, बाजूच्या झरोक्यातून बघते. झोर्कीत नाही, पण लायकाच्या १९५४ च्या एम-३ पासूनच्या चांगल्या रेंजफाइंडरांत फोटोची चौकट खिडकीत उजळ रेघांनी आखलेली असते आणि रेघांच्या बाहेरचंही दिसतं. पळणारा खांबाकडे येतोय, अजून रेघेबाहेर आहे, आता शिरला, आता खटका दाब. भिंगातून बघणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यात नेमक्या त्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे अंधार येतो. इथे तो क्षण दिसत राहतो. आवाजही हलका. खोटंही सांगत नाही, तोटेही आहेत. भिंगावरचं झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग छान दिसत राहतं, आणि रोल धुतल्यावर कळतं की अख्खी सहल झाकणात गेली. मीटरभरापेक्षा जवळचं जमत नाही. लांबच्या पाखराचा फोटो घ्यायला तर हा कॅमेरा निकामीच.

उजेड कमी असताना आणि समोरचा माणूस बुजू नये अशी इच्छा असताना मात्र याला तोड नव्हती. गांधीजींच्या फोटोंवरून हे फार चांगलं समजतं, आणि ती कथा आपल्या विदर्भात सुरू होते. आपल्या स्टेशनवरून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की बडनेरा, धामणगाव, पुलगाव आणि मग वर्धा. तिथून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. तिथे गांधीजींचे नातलग कनू गांधी फोटो काढत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलीफ्लेक्स घेतला होता. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, मी फोटोसाठी बसणार नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. रोलीफ्लेक्स हा रेंजफाइंडर नव्हे, पण माणसाला न थांबवता, आहे त्या उजेडात फोटो काढायचा ही अट मोठी होती. १९४६ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्याला आल्या. त्यांना आधी सूत कातायला शिकायला लावलं, मग मोजून तीन फ्लॅशचे बल्ब वापरायची मुभा मिळाली. दोन वाया गेले आणि तिसऱ्यात चरख्यामागे वाचत बसलेले गांधीजी आले. जगभर छापला गेलेला तो फोटो.

आणि ३० जानेवारी १९४८. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्या दिवशी दुपारी बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटले होते. हातात लायका. ते निघाले आणि तासाभरात गोळ्या झाडल्याची बातमी आली. रात्री फाटकाशी चढून पंडित नेहरू गर्दीला ती बातमी सांगतायत, डोक्यावर दिव्याचा उजेड, असा त्यांचा फोटो आहे. फ्लॅश नाही. कडा विरघळलेल्या, आकृत्या हललेल्या. शास्त्राप्रमाणे तो फोटो बिघडलेलाच म्हणावा लागेल. स्वयंचलित कॅमेऱ्याने त्या उजेडात एक तर खटकाच दाबू दिला नसता, नाहीतर फ्लॅश पेटवून नेहरूंना दचकवलं असतं.

आता दुसऱ्या ढिगाकडे. स्वयंचलितपणा एकदम आला नाही. आधी उजेडाचं गणित यंत्राने घेतलं. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरला तेव्हा त्याच्याजवळ दुकानातून विकत घेतलेला, मिनोल्टाने बनवलेला अन्स्को ऑटोसेट होता. उजेड यंत्र मोजी. मोठे हातमोजे घातलेल्या माणसाला चकत्या फिरवणं कसं जमावं! १९६६ चा याशिका इलेक्ट्रो ३५ तसाच: अंतर तुम्ही जुळवा, वेग मी ठरवतो. मला विचाराल तर ही वाटणी सगळ्यात सुखाची होती. पण सेल संपला की तो एकाच वेगावर अडकून बसे.

मग १९७७ मध्ये कोनिकाने सी-३५ एएफ आणला. अंतरही यंत्राने घेतलं. यात गंमत अशी की त्याच्या आतली युक्ती जुनीच होती. दोन झरोके, दोन आकृत्या. फक्त त्या जुळल्या की नाही हे माणसाच्या डोळ्याऐवजी विजेवर चालणारी चकती ठरवू लागली. म्हणजे रेंजफाइंडर गेला नाही, आत जाऊन बसला. बदललं ते एवढंच की कोणाचं अंतर मोजायचं हा प्रश्न विचारणारा कोणी उरला नाही. यंत्र चौकटीच्या मधोमध जे असेल ते मोजणार. दोन मैत्रिणी शेजारी उभ्या राहिल्या की मधोमध काय येतं? फट. फटीतून काय दिसतं? भिंत. म्हणून सुविचार स्पष्ट आला आणि मैत्रिणी पुसट झाल्या. पुढे यंत्रं शहाणी झाली, आजचा मोबाइल चेहरा ओळखतो, पण आपल्या शाळेची ती वर्षं नेमकी त्या मधल्या काळात सापडली.

उजेडाचंही तसंच. यंत्राला वाटतं की जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे. समोर चाळीस मुलं पांढऱ्या सदऱ्यांत, मागे चुन्याची भिंत, वर आपलं ऊन! यंत्र म्हणतं, फार उजेड आहे, कमी करा. सदरे करडे होतात आणि आपले वऱ्हाडी चेहरे कोळसा. दुसऱ्या ढिगात १९९१ च्या आसपासचा एक आख्खा वर्ग असा आहे की दातांवरून ओळखावा लागतो. शकुंतलेचं उलटं. तिचं मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं काळं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला कायमचं थांबलं आणि डिझेल आलं. काळ्याभोर इंजिनाने चौकट भरली की यंत्राला वाटतं अंधार आहे, म्हणून ते उजेड वाढवतं. इंजिन राखाडी होतं आणि धूर पांढऱ्या आकाशात जिरून जातो. वडलांच्या झोर्कीतून काढलेल्या फोटोत धुराच्या गुठळ्या वेगळ्या दिसतात आणि इंजिनाच्या अंगावरचे रिवेटही. ऊन ऊनच असतं, त्यात काळं उभं राहो की पांढरं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

इतकं सगळं झोर्कीच्या बाजूने लिहिल्यावर एक कबूल करायला हवं. पहिल्या ढिगात आपल्या आया नाहीत. म्हणजे आहेत, पण लग्नात आणि सत्यनारायणाला, पदर सावरून, कॅमेऱ्याकडे बघत. फोटो काढणारी बाई तर एकही नाही. छिद्र, वेग, अंतर, रोलची किंमत या सगळ्यांनी कॅमेरा पुरुषांच्या कपाटात कुलूपबंद केला होता. हॉट शॉट आला, मग कोडॅकचा केबी-१० आला, त्यात जुळवायचं काहीच नव्हतं, आणि पहिल्यांदा तो घरातल्या कोणाच्याही हातात गेला. दुसऱ्या ढिगातले सगळ्यात जिवंत फोटो त्यांचे आहेत. निंबाखाली उघडलेले डबे, वेणी घालून घेणारी मैत्रीण, गाडीच्या खिडकीत उभ्या राहिलेल्या तीन जणी. झोर्कीवाल्यांना हे फोटो काढावेसे वाटले नव्हते. छत्तीस फोटोंचा रोल असल्या गोष्टींवर कोण खर्च करणार?

आज पुन्हा तरुण मुलं जुने रेंजफाइंडर शोधत फिरतात. २०२२ मध्ये लायकाने आपला जुना एम-६, फिल्मवर चालणारा, पुन्हा बनवायला घेतला. त्याची किंमत ऐकली की आपल्याकडे ट्रॅक्टरची आठवण होते. त्यात मिरवण्याचा भाग आहेच. पण माझ्या पुतणीने झोर्की चालवायला शिकल्यावर सांगितलं ते मला पटलं. ती म्हणाली, “काका, मोबाइलमध्ये मी फोटो काढते आन् मंग बघते कोन आलं. याच्यात आधी ठरवा लागते, कोनाचा काढाचा.”

आता कामाचं. रंगीत ढीग तांबूस पडतोय ही यंत्राची चूक नाही. रंगीत कागदावर चित्र रंगद्रव्यांचं असतं, आणि त्या काळच्या कागदांत निळसर रंग आधी उडतो. पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या पेटीत तर लवकरच. काळं-पांढरं चित्र चांदीचं असतं, हायपो नीट धुतला असेल तर ते टिकतं. आपला खारपाणपट्टा. आमच्या घरी बाकी धुण्याला विहिरीचं पाणी चाले, पण फोटोच्या शेवटच्या धुण्यासाठी गोड्या पाण्याची घागर वेगळी ठेवलेली असे.

तेव्हा फोटो पाठवलेत तशा निगेटिव्हही शोधा. कागदाचा फोटो लाल झाला तरी निगेटिव्ह पुष्कळदा बरी असते, तिच्यावरून नवा फोटो निघतो. जुन्या पट्ट्यांच्या कडेला ओर्वो किंवा उटीच्या कारखान्याचं इंदू असं काही छापलेलं असेल तर तेही बघा, त्यावरून काळ ठरवायला मदत होते. प्रत्येक चौकटीखाली आकडा असतो, म्हणून पट्ट्या कापू नका आणि क्रम मोडू नका. सहलीत आधी काय झालं आणि मग काय, हे त्या आकड्यांवरूनच कळतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, दमट झाल्या की चिकटतात. साध्या कागदी पाकिटात घाला, वर साल आणि इयत्ता लिहा, आणि संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर द्या. स्कॅन करून त्याच पाकिटात परत मिळतील.